रिकामे रकाने

शेजारच्या आजोबांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला, तेव्हा बाहेर डब्लिनजवळच्या ल्यूकनचा नेहमीचा पाऊस होता. धड कोसळतही नव्हता आणि धड थांबतही नव्हता. डबा निळा, कडेनं गंजलेला. झाकण घट्ट बसलेलं होतं म्हणून त्यांनी चमच्याची दांडी घालून ते उचकटलं. आत बिस्किटं नव्हती. पिवळे पडलेले, मधोमध घडी घातलेले कागद होते, दीडदोनशे तरी असतील. वरचा कागद त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्यासमोर उलगडला. छापील तक्ता होता. डावीकडे नावं, उजवीकडे चौकोनी रकाने, आणि त्या रकान्यांत शिसपेन्सिलीनं लिहिलेले बारीक आकडे: ३, २, १, ०. पुन्हा ३. पुन्हा ०.

आजोबा पोलंडच्या लेश्नो शहरातले. आजी गेल्यावर मुलानं त्यांना इकडे आणलं. ते आले तेव्हा त्यांच्याकडे दोन बॅगा होत्या आणि त्यातल्या एकीत कपड्यांच्या मध्ये गुंडाळलेला हा डबा. त्यांना इंग्रजी जेमतेम येतं, मला पोलिश येत नाही. पण त्यांची नात आणि माझी मुलगी एकाच वर्गात आहेत, आणि आमचं सगळं बोलणं त्या दोघींच्या तोंडून इकडून तिकडे जातं. नात त्यांना 'जादेक' म्हणते, म्हणजे आजोबा. ते ऐकून माझी मुलगीही जादेक म्हणते. मी मात्र आजोबाच म्हणते, आणि त्या हाकेला ते ओ देतात.

आयर्लंडमध्ये २०२२ च्या जनगणनेत पोलिश नागरिक ९३ हजारांवर होते आणि भारतीय ४५ हजारांवर. आमच्या वसाहतीत तर कुंपणाच्या अलीकडे फोडणीचा वास आणि पलीकडे बीटच्या साराचा. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना फराळ आणि केक देत आलो. पण तो डबा उघडेपर्यंत या माणसाच्या आयुष्यात काय आहे, हे मी विचारलंच नव्हतं.

कागद होते स्पीडवेच्या सामन्यांचे. लंबगोल मातीच्या धावपट्टीवर चार मोटारसायकली, चार फेऱ्या, डावीकडेच वळायचं, आणि सगळं मिनिटभरात संपतं. पोलिशमध्ये या खेळाला 'झुझेल' म्हणतात. झुझेल म्हणजे भट्टीत कोळसा जळून उरतो ती खडबडीत, खड्यांची राख. पूर्वी धावपट्टीवर हीच राख अंथरायचे आणि तिचंच नाव खेळाला पडलं. आपल्याकडे कुस्तीला 'मातीतला खेळ' म्हणतात, तसंच हे. नातीनं हा अर्थ सांगितला आणि मला एकदम कोल्हापूरची खासबाग दिसली, कुस्तीचं मैदान.

खेळ समजावून सांगायला आजोबांनी टेबलावरच्या वस्तू घेतल्या. मिठाची बरणी, मिरपूड, साखरेचं भांडं आणि माझी चहाची गाळणी, असे चार स्वार. गाडीला इंजिन पाचशे सीसीचं, एकच सिलिंडर. इंधन पेट्रोल नाही, मिथेनॉल. गिअर एकच. आणि ब्रेक नाही. मला वाटलं, मुलींनी भाषांतरात काहीतरी गोंधळ केला. मी पुन्हा विचारायला लावलं. आजोबांनी दोन्ही तळवे उघडे करून दाखवले. नाही म्हणजे नाहीच. वळण आलं की स्वार मागचं चाक घसरू देतो, हँडल उजवीकडे वळवतो आणि गाडी डावीकडे जाते. डावा पाय खाली टेकलेला असतो, त्या बुटाला पोलादी तळ ठोकलेला असतो, आणि तो पाय मातीवरून घासत जातो. आजोबांनी मिठाची बरणी तिरकी धरून साखरेच्या भांड्याच्या अगदी जवळून फिरवली. टेबलावर मीठ सांडलं. त्या मिठाचा जो बाक उमटला, तोच स्पीडवे.

मग त्यांनी नाकाजवळ बोटं नेली, डोळे मिटले आणि एक शब्द उच्चारला. मुलींना तो येईना. नातीनं फोनवर शोधून मला चित्र दाखवलं, आणि मी मोठ्यानं म्हणाले, "एरंड!" या गाड्यांच्या इंजिनांत वर्षानुवर्षं एरंडेल तेलाचं वंगण घालत. ते तापून जळलं की गोडसर, जड वास सगळ्या मैदानावर पसरे. कॅस्ट्रॉल या नावातला पहिला भागही इंग्रजीतल्या एरंडावरूनच आला आहे. स्पीडवेची जुनी माणसं कुठल्याही देशातली असोत, आधी तो वास सांगतात, मग स्वारांची नावं. माझ्या आजीच्या फडताळात एरंडेलाची बाटली असायची. बाळाच्या टाळूला आणि पोटाला ती लावायची. एकाच तेलाच्या वासानं लेश्नोतला एक म्हातारा आणि कोल्हापुरातली एक बाई आपापल्या लहानपणात जाऊन पोचले, आणि तेही ल्यूकनमधल्या एका स्वयंपाकघरात. मी त्या दिवशी दुसऱ्यांदा चहा टाकला.

डब्यातल्या कागदांवर दोन हस्ताक्षरं होती. वरच्या कागदांवर आजोबांचं, गोल आणि मोठं. तळातल्या कागदांवर बारीक, उजवीकडे झुकलेलं. ते त्यांच्या वडिलांचं. सामन्याला जाणारा माणूस दारात कार्यक्रमपत्रिका विकत घ्यायचा. तिच्यात कुठल्या शर्यतीत कोण कुठल्या रंगाचं शिरस्त्राण घालून उतरणार ते छापलेलं असे: लाल, निळं, पांढरं, पिवळं. निकालाचे रकाने रिकामे. ते प्रेक्षकानं भरायचे. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य. पडला तर 'यू', म्हणजे 'उपादेक'. गाडी बंद पडली तर 'डी'. म्हणजे छापखान्यातून येई तेव्हा पत्रिका अर्धीच असायची. उरलेली अर्धी हजारो माणसं थंडीत बोटं आखडत, मांडीवर ठेवून, आपापल्या पेन्सिलीनं पुरी करत. आजही पोलंडमध्ये आणि इंग्लंडमध्ये पुष्कळ प्रेक्षक हे करतात. निकाल फोनवर येतो हे त्यांना ठाऊक असतं, तरी करतात.

वडिलांच्या अक्षरातल्या एका कागदावर आजोबांचं बोट थांबलं. एका नावापुढे ओळीनं ३, ३, ३, ३. अल्फ्रेड स्मोचिक. लेश्नोच्या युनिया संघाचा हा पोरगा १९४९ मध्ये पोलंडचा विजेता झाला. युद्धानं भाजून निघालेल्या त्या देशात लोक त्याला बघायला गर्दी करत. १९५० च्या सप्टेंबरमध्ये रस्त्यावरच्या मोटारसायकल अपघातात तो गेला, बावीसही पुरे नव्हते. लेश्नोच्या मैदानाला आज त्याचं नाव आहे. आजोबांचा जन्म त्यानंतर पाच वर्षांनी झाला. त्यांनी स्मोचिकला कधी पाहिलं नाही. तरी तो वळणावर कसा वाकायचा ते त्यांनी मला खांदा कलता करून दाखवलं, कारण त्यांच्या वडिलांनी त्यांना तसं दाखवलं होतं.

त्याच्याखालचा कागद कोरा होता. नावं छापलेली, रकाने रिकामे, एकाही चौकोनात आकडा नाही. मला वाटलं, चुकून जास्तीचा घेतला असेल. आजोबांनी मान हलवली. स्मोचिक गेल्यानंतरचा तो पहिला सामना. वडील गेले होते, पत्रिका घेतली होती, शेवटपर्यंत बसले होते. फक्त पेन्सिल खिशातून काढली नाही. मुली हे सांगताना हळू बोलायला लागल्या, कारण आजोबाही हळू बोलत होते.

आजोबांच्या स्वतःच्या कागदांमध्ये सगळ्यात जपलेला कागद १९७३ चा. होझूव शहरातलं सिलेसियाचं मैदान, जागतिक विजेतेपदाची अंतिम फेरी, लाखाहून जास्त प्रेक्षक. आजोबा तेव्हा अठरा वर्षांचे, रात्रभर गाडीत उभं राहून आलेले. सोळा स्वार, वीस शर्यती. समोर न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर. मॉगरनं आयुष्यात सहा वेळा हे विजेतेपद मिळवलं आणि त्या दिवसापर्यंत त्यातली चार त्याच्या खात्यावर होती. पोलंडकडून येझी श्चाकिएल, ओपोलेचा, फारसा कुणी अपेक्षेत न धरलेला. वीस शर्यती संपल्या तेव्हा दोघांचे गुण सारखे, तेरा आणि तेरा. मग दोघांचीच आणखी एक शर्यत ठरली. मॉगर मागून पुढे घुसायला गेला आणि पडला. श्चाकिएल जिंकला. जागतिक विजेता झालेला तो पहिला पोलिश स्वार. दुसऱ्यासाठी त्या देशाला २०१० पर्यंत, तोमाश गोलोबपर्यंत, सदतीस वर्षं थांबावं लागलं. पत्रिकेत त्या जादा शर्यतीसाठी रकाना नव्हता. अठरा वर्षांच्या पोरानं समासात दोन रेघा ओढून स्वतःचा रकाना आखला होता. एका नावापुढे ३. दुसऱ्यापुढे 'यू'. पेन्सिल इतकी दाबली होती की कागद मागून उठला होता. मी त्यावर बोट फिरवून पाहिलं. बावन्न वर्षांनीही तो उठाव हाताला लागत होता.

श्चाकिएल २०२० मध्ये वारला. गोलोब २०१७ पासून चाकाच्या खुर्चीत आहे, मोटोक्रॉसच्या अपघातात त्याचा कणा गेला. आज बार्तोश झ्मार्झलिक जिंकतो आहे. आजोबांना त्याचं कौतुक आहे. पण त्या दिवशी त्यांना मला वेगळंच काही दाखवायचं होतं. एकेका कागदावरची तळातली नावं ते दाखवत गेले. राखीव स्वार. ०, १, ०. ०, डी. 'यू', ०. "याला कुणी ओळखत नाही," नात सांगू लागली, "हा बेकरीत काम करायचा. रविवारी शर्यत करायचा. एकदा पाऊस होता, तेव्हा त्यानं एकट्यानं तीन गुण आणले. जादेक म्हणतात, ते इथेच लिहिलेलं आहे. दुसरीकडे कुठेच नाही."

ते वाक्य मी आजवर विसरलेले नाही.

मी कोल्हापूरची. आमच्या आबांकडे, म्हणजे वडिलांकडे, येझदी होती, मळकट लाल रंगाची. रविवारी सकाळी दारात फडकं अंथरून ते गाडी खोलून बसायचे. ही गाडी मूळची चेकोस्लोव्हाकियाची जावा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ती बनू लागली, पुढे तिचं नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. हे आबांना पाठ होतं. त्यांना ठाऊक नव्हतं ते हे, की त्याच जावानं १९६४ मध्ये दिविशोव गावातला ईएसओ हा कारखाना आपल्यात घेतला आणि तिथून निघालेल्या बिनब्रेकच्या गाड्यांनी पुढची कितीतरी वर्षं जगभरच्या स्पीडवेवर राज्य केलं. आजोबांना मी आबांच्या येझदीचा फोटो दाखवला. त्यांनी टाकीवर बोट ठेवलं आणि 'यावा' म्हणाले. त्यांचा उच्चार तसाच.

गाडी पुसता पुसता आबा कुस्त्या सांगायचे. लहानपणी ते स्वतःच्या आजोबांच्या खांद्यावर बसून खासबागेत जायचे. शाहू महाराजांनी बांधलेलं आणि १९१२ मध्ये खुलं झालेलं ते मैदान. मध्ये लाल मातीचा हौदा, भोवती दगडी पायऱ्या. हलगी वाजायला लागली की पोटात गोळा यायचा, असं ते म्हणत. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, मग गणपत आंदळकर, मारुती माने. ही नावं घेताना आबा हात जोडत. पण त्यांचा जीव खरा रमे तो आधीच्या जोडींत. मोठी कुस्ती संध्याकाळी. त्याआधी दुपारभर पाच रुपये, दहा रुपये इनामाच्या जोडी लागायच्या. शिरोळचा अमका, कागलचा तमका, गवंडीकाम करणारा कुणी, दूध घालणारा कुणी. "अगं, त्यानं ढाक लावली की समोरचा पैलवान हवेत दिसायचा," आबा हातातला पान्हा उंचावून म्हणत. "नाव काय त्याचं?" मी विचारायची. ते सांगायचे. मी ऐकायची, आणि उठून जायची.

आज त्यांतलं एकही नाव मला आठवत नाही. आबा सहा वर्षांपूर्वी गेले. खंचनाळ्यांचं नाव पुस्तकात आहे, मैदानांवर आहे, शाळकरी पोरांच्या तोंडी आहे. ढाक लावणाऱ्या त्या दुधवाल्याचं नाव एका माणसाच्या डोक्यात होतं आणि त्या माणसाची मुलगी रोज समोर बसलेली असून तिनं ते लिहून घेतलं नाही. माझ्याकडेही रिकामे रकाने आहेत. पण आजोबांच्या वडिलांचा कोरा कागद शोकानं कोरा राहिला होता. माझा आळसानं राहिला. दोन्ही कागद सारखेच दिसतात, म्हणून फरक सांगायला हवा.

जिंकणाऱ्याला सांभाळायला इतिहास आहे. चौथ्याला सांभाळायला फक्त प्रेक्षकाची पेन्सिल. डबा उघडल्या दिवसापासून मी हे वाक्य मनात घोळवते आहे आणि मला त्यात बदल करावासा वाटलेला नाही.

आजोबांना मी वळिवड्याची गोष्ट सांगितली. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत रशियात हद्दपार केलेली ही माणसं, बहुतेक बायका आणि पोरं, इराणमार्गे फिरत फिरत पंचगंगेच्या काठी आली. तिथे त्यांनी शाळा चालवल्या, चर्च बांधलं, नाटकं केली. ती गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतर आलेले सिंधी लोक राहिले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. महावीर उद्यानात त्या पोलिश वस्तीचा स्मृतिस्तंभ आहे. माझी आजी बाजारात त्या बायकांना पाहिल्याचं सांगायची. 'गोऱ्या खऱ्या, पर आपल्यासारख्याच पोरं कडेवर घेऊन घासाघीस करायच्या,' असं तिचं वर्णन. आजोबा ऐकत राहिले. मग त्यांनी डब्यातला एक कागद काढून मला दिला आणि तो तुझ्याकडे ठेव, असं खुणेनं सांगितलं. मी घेतला नाही. त्याची जागा डब्यात आहे.

उन्हाळ्यात एकदा मी त्यांना डब्लिनमध्ये घेऊन गेले. अ‍ॅडम्सटाऊनहून निघणारी सी१ बस ल्यूकनमधून चॅपेलिझॉडच्या वळणरस्त्यानं शहरात जाते आणि पुढे रिंग्सेंडवरून जाते. चॅपेलिझॉडलाही पन्नासच्या दशकाच्या सुमारास स्पीडवेची धावपट्टी होती. आज बसमधून तिची खूणही दिसत नाही, लिफी नदी आणि घरं दिसतात. आम्हाला जायचं होतं ते शेलबर्न पार्कला. १९२७ मध्ये कुत्र्यांच्या शर्यतींसाठी सुरू झालेलं हे मैदान अजून त्याच कामासाठी चालतं. पण पन्नासच्या दशकाच्या पहिल्या वर्षांत त्याच लंबगोलात मोटारसायकली धावत, आणि घरच्या संघाचं नाव होतं शेलबर्न टायगर्स.

दुपारी मैदान बंद होतं. बाहेरच्या भिंतीला लागून आम्ही उभे राहिलो. दोन रस्ते पलीकडे बॅरो स्ट्रीटवर गूगलच्या काचेच्या इमारती आहेत. तिथून जेवणाच्या सुट्टीत तरुण मुलंमुली गळ्यात ओळखपत्रं अडकवून जात होती, त्यांत माझ्या ओळखीचे दोनतीन मराठी चेहरेही होते. आजोबांनी भिंतीला हात लावला आणि कान दिला. मला ते बघून हसू आलं नाही. खासबाग बंद असते तेव्हा तिच्या दाराशी उभं राहून मीही असंच करते.

कोपऱ्यावरच्या थांब्यावर एक आयरिश गृहस्थ बसले होते, ऐंशीच्या पुढचे. आम्ही काय बघतोय असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. लहानपणी वडील त्यांना इथे खांद्यावर घेऊन यायचे. वळणाच्या कठड्याशी उभं राहिलं की राख उडून दातांत जायची, घरी गेल्यावर आई रागवायची. आणि तो वास! त्यांनी नाकाजवळ बोटं नेली, अगदी आजोबांसारखी. आजोबांना भाषा कळली नाही, खूण कळली. दोघं म्हातारे एकमेकांकडे बघून मान हलवत राहिले. मी त्या गृहस्थांना टायगर्समधल्या स्वारांची नावं विचारली. ते बराच वेळ गप्प बसले. "एकाचं शिरस्त्राण निळं होतं," ते शेवटी म्हणाले. "मला तोच आवडायचा." त्यांची बस आली.

परतीच्या बसमध्ये आजोबा डोळे मिटून बसले होते आणि मी पाहिलेल्या आणि वाचलेल्या मैदानांची उजळणी करत होते. हा खेळ १९२३ मध्ये ऑस्ट्रेलियात वेस्ट मेटलंडच्या कृषिप्रदर्शनाच्या मैदानावर, जॉनी हॉस्किन्स नावाच्या माणसाच्या हौसेतून नावारूपाला आला. १९२८ च्या फेब्रुवारीत लंडनजवळच्या हाय बीचला त्याची शर्यत झाली आणि हां हां म्हणता इंग्लंडभर धावपट्ट्या झाल्या. १९३६ पासून वेम्ब्लीला जागतिक विजेतेपद ठरू लागलं. मग एकेक मैदान गेलं. वेस्ट हॅम १९७२ मध्ये. मँचेस्टरच्या बेल व्ह्यूचं हाइड रोड १९८७ मध्ये. विम्बल्डनला २००५ नंतर स्पीडवे नाही, कोव्हेंट्रीला २०१६ नंतर नाही, वुल्व्हरहॅम्प्टन आणि पीटरबरो २०२३ मध्ये थांबले. कुठे घरं झाली, कुठे गाळे, कुठे रिकामी जागा बिल्डरची वाट बघते आहे. खेळाडू म्हातारे झाले की आपण हळहळतो, तो निसर्ग आहे. मैदान नाहीसं झालं की आठवणीला बसायला जागा राहत नाही. मग ती माणसाच्या खिशात येऊन राहते, आणि माणूस देश सोडतो तेव्हा त्याच्याबरोबर विमानात बसते.

बेल व्ह्यूचा पीटर क्रेव्हन मला या सगळ्यांत जवळचा वाटतो. अंगानं लहान, १९५५ आणि १९६२ चा जागतिक विजेता. १९६३ च्या सप्टेंबरमध्ये एडिंबराला त्याच्यासमोर एक स्वार पडला. गाडीला ब्रेक नाही. सरळ गेला असता तर पडलेल्याच्या अंगावरून गेला असता. त्यानं गाडी वळवली आणि तो कठड्यावर आदळला. चार दिवसांनी तो वारला, एकोणतीस वर्षांचा होता. ज्या खेळात थांबण्याची सोय नाही, तिथे दुसऱ्याचा जीव वाचवायला आपला मार्ग बदलणं एवढं एकच हातात असतं, आणि त्यानं ते क्षणात केलं. मी हे आजोबांना मुलींकरवी सांगितलं, तेव्हा त्यांनी 'क्रेव्हन' हे नाव ऐकताच टोपी काढली. पोलंडहून आलेल्या एका म्हाताऱ्याची टोपी, एका इंग्रज स्वाराच्या नावाला, साठ वर्षांनी उतरते. आबाही पंजाबच्या पैलवानांचं नाव असंच आदरानं घेत. मातीतल्या माणसांना मातीतली माणसं कळतात.

गेल्या दिवाळीत मी कोल्हापूरला गेले तेव्हा एक वही घेऊन गेले. शंभर पानी, आखीव. आबांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, एक्क्याऐंशीचे आहेत. आबांच्या मांडीला मांडी लावून खासबागेत बसलेले. त्यांच्यासमोर वही उघडली आणि म्हणाले, "तात्या, दुपारच्या जोडी सांगा. मोठ्या कुस्त्या नकोत. इनाम पाच-दहा रुपयांच्या." ते आधी बघतच राहिले. "त्या कशाला गं तुला? त्येंला कोण विचारतंय आता?" मी म्हटलं, "मी विचारतेय." मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. पहिलं नाव यायला वेळ लागला. दुसरं लगेच आलं. तिसऱ्या नावाला ते स्वतःच उठून उभे राहिले आणि माझ्या चुलतभावाच्या खांद्यावर हात टाकून पकड दाखवू लागले. काकू आतून ओरडली, "अवो, कंबर!" चार दिवसांत छत्तीस नावं झाली. गाव, धंदा, आवडता डाव. काहींच्या पुढे तात्यांना निकाल आठवला, काहींच्या पुढे नाही. तिथे मी रकाना आखून तो मोकळा सोडला आहे. कुणाला आठवलं तर भरता येईल.

ढाक लावणाऱ्या दुधवाल्याचं नाव त्यांनाही आठवलं नाही. 'वडणग्याचा होता, एवढं नक्की,' म्हणाले. मी वडणगे लिहिलं आणि नावाची जागा ठेवली.

ल्यूकनला परतल्यावर ती वही मी आजोबांना दाखवली. त्यांना देवनागरी येत नाही. पण डावीकडे नावं, उजवीकडे चौकोन, हे बघितल्यावर सांगायला काही उरलंच नाही. त्यांनी पानं एकेक करून शेवटपर्यंत उलटली, मग खिशातून पेन्सिल काढून वहीच्या आत ठेवली. त्या संध्याकाळी आम्ही दोघं आणि दोन्ही मुली लिफीवर फिरायला गेलो, १८१४ सालच्या एका कमानीच्या दगडी पुलापर्यंत. खाली बंधाऱ्यावरून पाणी आवाज करत पडत होतं. मुली पुढे पळत होत्या, चार फेऱ्या, डावीकडेच वळायचं, असा त्यांचा नवा खेळ होता. आजोबा काठीनं जमिनीवर गुण लिहीत होते. शेवटी येणारीचेही.

तुमच्या घरात असं कुणी असेल. कुस्ती असो, तमाशाचा फड असो, गिरणीतली कबड्डी असो, जत्रेतल्या बैलगाड्या असोत, त्यातल्या दुपारच्या जोडी ज्याच्या डोक्यात आहेत असं कुणी. त्याच्याकडे या रविवारी जा. वही आखून न्या, आणि बरोबर पेन्सिल न्या, म्हणजे चुकलं तर खोडता येईल. आणि वडणग्याचा, दूध घालणारा, ढाकेचा पैलवान कुणाला माहीत असेल तर मला कळवा. त्याच्या नावाची जागा मी रिकामी ठेवली आहे.